घरकाम करणाऱ्या बायकांच्या किती मुलाखती घ्याव्यात, आणि त्या थेट इंग्रजीत टाइप केल्या तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की एम.ए.च्या प्रबंधासाठी पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेताय, गाईड १०० म्हणतात, आणि टायपिंग थेट इंग्रजीत केलं तर वेळ वाचेल का.

आकड्याचं आधी. १०० नकोत. मराठी रेकॉर्डिंगचा एक तास शब्दशः उतरवायला सहा ते आठ तास जातात, म्हणजे १०० तासांचे ६०० ते ८०० तास नुसतं टायपिंग. गाईडना दोन अभ्यास दाखवा. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक कोड (म्हणजे बोलण्यातल्या एकेका मुद्द्याला संशोधक देतो ती नावं) पहिल्या १२ मध्येच येऊन गेले होते. मोनिक हेनिंक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हेच पुढे नेलं: कोड नवव्या मुलाखतीपाशी जवळजवळ संपले, पण त्यांचा अर्थ पुरता उलगडायला १६ ते २४ लागल्या. तुम्ही २० धरा. धुणंभांड्याच्या मावशी आणि पोळ्यावाल्या काकू मात्र वेगळ्या मोजा, दोघींचे अनुभव एका पिशवीत घालू नका. आणि एकाच मावशींच्या ओळखीने पुढे गेलात तर एकाच वस्तीतल्या जावा-नणंदा मिळतील. पर्वती, औंध, हडपसर अशा तीन-चार ठिकाणांहून सुरुवात करा.

आता दुसरा प्रश्न, कारण हे उत्तर मी त्याच्यासाठीच लिहितोय. थेट इंग्रजीत अजिबात टाइप करू नका.

एका प्रकल्पात आमच्याकडे अशाच मुलाखती एजन्सीकडून थेट इंग्रजीत उतरून आल्या होत्या. त्यात जागोजागी ‘बाईने काम सोडलं’ या अर्थाचं वाक्य होतं. त्यावर ‘स्वखुशीने काम सोडणे’ असा कोड बसला आणि मसुद्यात ‘या महिला वारंवार कामं बदलतात’ असा निष्कर्षही उतरला. खटकलं ते एका मुलाखतीपाशी. घरभाडं थकलेली बाई एकाच महिन्यात दोन घरं का सोडेल? मूळ आवाज लावला. ती म्हणत होती, “मार्चमधी दोन कामं सुटली.”

सुटली. तिने सोडली नव्हती, कोणी काढलं असंही ती म्हणत नव्हती. या क्रियापदाला करणारा माणूसच नाही. पुढचं ऐकलं तर लेकीच्या बाळंतपणात आठ दिवसांचा खाडा झाला आणि तेवढ्यात एका घराने दुसरी बाई लावली. दुसऱ्या घरच्या मॅडम मुलाकडे गेल्या त्या परतल्यावर त्यांनी बोलावलंच नाही. दोन्हीला तिचा शब्द एकच. इंग्रजीत उतरवणारा बहुतेकदा ‘सोडलं’ किंवा ‘काढलं’ यातलं एक निवडून मोकळा होतो, आणि निवड झाली हे संशोधकाला कधी कळतच नाही. आम्ही सगळं रेकॉर्डिंग पुन्हा मराठीत उतरवलं. ‘काम सुटणं’ हाच मुख्य कोड झाला आणि मसुद्यातला तो निष्कर्ष उलटा फिरला.

तसंच ‘आपण’ आणि ‘आम्ही’. “आम्हाला काय कोण विचारतं” यात समोर बसलेल्या तुम्ही नाही. “आपल्याला काय कोण विचारतं” म्हणाली तर तिने तुम्हाला आपल्यात घेतलंय, निदान तेवढ्यापुरतं. मुलाखतीच्या कितव्या मिनिटाला ‘आम्ही’चं ‘आपण’ झालं, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द.

म्हणून मराठीत उतरवा, ‘व्हतं’ला ‘होतं’ करू नका. मोबाइलची आवाजावरून टाइप करणारी सोय नेमकं हेच गुपचूप सुधारते, ओळ न् ओळ ताडून बघा. युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातली फाइल कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधता येत नाही. शोधताना सामान्यरूप विसरू नका: ‘खाडा’ टाकलंत तर ‘खाड्याचे पैसे’ सापडणार नाही, ‘खाड’ टाका. पहिल्या तीन मुलाखती ओळीओळीने कोड करा आणि प्रत्येक कोडापुढे लिहा की त्यात काय बसतं, काय बसत नाही, आणि बाईच्या तोंडचं एक वाक्य. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. टॅगेट फुकट आहे, एक्सेलमध्येही भागतं. भाषांतर करायचं ते प्रबंधात छापायच्या उताऱ्यांचं, आणि ‘सुटलं’सारखा शब्द देवनागरीत तसाच ठेवून खाली दोन ओळींत समजावा.

त्या प्रकल्पाच्या वेळी समितीत आम्हाला ऐकवलं गेलं होतं की मराठीत कोडिंग करून परीक्षकाला काय दाखवणार, मराठी ही काही विश्लेषणाची भाषा नव्हे. मला हे तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच नाही. ज्या भाषेत बाई विचार करते त्या भाषेत तिचं विश्लेषण होत नसेल, तर आपण नक्की कशाचं विश्लेषण करतो? तुमच्या गाईडनी हेच म्हटलं तर ‘सुटलं’चं उदाहरण त्यांच्यापुढे ठेवा आणि इंग्रजीत एका शब्दात सांगायला सांगा.

मुलाखतीबद्दल थोडं. दुपारी एक ते साडेतीनची वेळ धरा, सकाळची कामं आटपून संध्याकाळची सुरू होण्याआधीची. मालकिणीच्या घरी कधीच नको. फोन विमान मोडवर, आणि पंखा व कुकरपासून लांब. “काय अडचणी येतात?” विचारलंत तर “अडचण काय, चाललंय” एवढंच मिळेल. “काल उठल्यापासून काय काय केलंत?” विचारा. “का?” हा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो, “मग काय झालं?” म्हणा. खाड्याचं तर शेवटच्या खाड्याबद्दलच विचारा: किती दिवस, कोणाला कळवलं, किती कापले. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये आला, पण हा हिशेब अजून घरोघरी वेगळा आहे.

हो, दोन गोष्टी राहिल्या. मुलाखती किती घ्याव्यात याचे वरचे आकडे बऱ्यापैकी एकसारख्या गटांचे आहेत. तुमचा गट जितका मिसळलेला तितके ते वाढतील. शिवाय व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांना ‘आता नवीन काही येत नाही, थांबू’ हा निकषच मान्य नाही, त्यांची पद्धत (थीमॅटिक अ‍ॅनालिसिस, म्हणजे मुलाखतींतून सामायिक आशय शोधणं) वापरणार असाल तर गेस्टचा आधार घेऊ नका. आणि कागदावर सही मागितली की पुष्कळ बायका बिचकतात. तुमच्या नैतिकता समितीची परवानगी असेल तर तोंडी संमती रेकॉर्ड करा. सोसायटीचं नाव मात्र फाइलच्या नावातसुद्धा नको.