गट नंबर कुठे आहे?

प्रिय पोरी,

हरित न्यायाधिकरणासाठी तू केलेला अर्ज दोनदा वाचला. एकसष्ट पानं. भाषा स्वच्छ, टायपिंगची चूक नाही. पण पाणी नासलेल्या ज्या विहिरीसाठी हा सगळा खटाटोप, तिचा गट नंबर एकाही पानावर नाही. नाल्यापासून विहीर किती फुटांवर, तेही नाही. तू अजून तिथं गेलीच नाहीस ना?

आणि शेवटी विचारतेस, ‘काका, यात काही राम आहे का, की मुंबईच्या फर्मची नोकरी धरू?’ त्याचं नंतर बघू. आधी विहिरीवर जा.

चौथ्या पानावर तू सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य लावलंयस, 1991. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग. सगळेच लावतात. निकाल शेवटपर्यंत वाचलास का? याचिका फेटाळली होती, वर पाच हजारांचा खर्च बसवला. बोकारो नदीत कोळशाचा गाळ सोडतात म्हणून आलेला माणूस स्वतःच्या मतलबासाठी आलाय, असं कोर्टाचं मत झालं. हक्क देशाला मिळाला, याचिकादार हात हलवत परतला.

त्यापेक्षा उदयपूरजवळच्या बिछडीचा 1996 चा निकाल काढ. एच-ॲसिड, म्हणजे रंग बनवायला लागणारं रसायन, त्याच्या कारखान्यांनी तिथल्या विहिरी नासवल्या. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जागेवर गेले, माती-पाणी तपासलं, सफाईचा खर्च 37 कोटींच्या वर काढला. निकाल त्या अहवालावर उभा राहिला. (वसुलीचं रडगाणं 2011 मध्येही सुप्रीम कोर्टात चालूच होतं, तेही वाच.)

माझी गोष्ट वकिलांच्या बाररूममध्ये कुणीतरी अर्धवट सांगितली असेलच. 1998 साल. डिस्टिलरीचं मळीमिश्रित पाणी ओढ्यात, आणि ओढ्याकाठच्या विहिरी कोऱ्या चहासारख्या. साठ दिवसांची नोटीस देऊन मी फिर्याद ठोकली. पुरावा काय, तर सांडपाण्याच्या नमुन्याचा सरकारी अहवाल. जल कायद्याचं कलम 21 तुला पाठ असेल: नमुना घेताना कारखानदाराला तिथल्या तिथं नोटीस द्यायची, बाटलीला सील, सह्या. हे पाळलं नाही तर अहवाल पुराव्यात वाचताच येत नाही. उलटतपासणीत अधिकारी म्हणाला, ‘नोटीस दिली असेल.’ पोच नव्हती. संपलं.

नमुना घेतला त्या सकाळी मी चेंबरमध्ये बसून युक्तिवाद घोटत होतो. तिथं उभा असतो तर एका वाक्यात आठवण करून दिली असती.

खटल्याच्या आधी कारखान्यानं टँकर देऊ केला होता, वर एक बोअर. गावाला मीच नको म्हणायला लावलं. वकिलाच्या हट्टापायी गाव चार वर्षं घाण पाणी प्यालं, असं अजून बोलतात. बोलू देत. टँकर घेतला असता तर ओढ्यात सांडपाणी सोडायची वहिवाटच पडली असती, हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. पण निकालाच्या दिवशी एक म्हातारी कोर्टाच्या पायरीवर म्हणाली, ‘वकीलसाहेब, तुमच्या घरी नळ हाय.’ मी फाइल काखेत मारली आणि खाली उतरलो.

आता तुझं ‘गेल्या अनेक वर्षांपासून’ हे वाक्य. अगं, समोरच्याचं काम तूच करून दिलंस! हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14 खाली मुदत सहा महिन्यांची, वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तिथपासून. सबळ कारण दाखवलंस तर आणखी साठ दिवस. भरपाईला कलम 15 खाली पाच वर्षं आहेत, तो भाग वेगळा मांड. पाणी नक्की कधी बिघडलं ते विहिरीवरच्या बायकांना विचार. एका गावात मला तारीख मिळाली ती ‘बेंदराच्या दिवशी पुरणाची डाळ शिजेना’ यातून. खोटी तारीख मात्र घालायची नाही, कितीही मोह झाला तरी.

नोकरीचं म्हणशील तर खुशाल धर. माझं घरही मोटार अपघाताच्या क्लेमवर चाललं, विहिरींवर नाही. रजा मिळेल एवढं बघून घे.

बुधवारी पहिल्या एसटीनं ये. शनिवार नको, रविवारी लॅब बंद असते आणि जंतूंच्या तपासणीचा नमुना चोवीस तासांच्या आत पोचायला हवा. त्याची निर्जंतुक बाटली लॅबमधूनच आण, आतून विसळू नकोस, बुचाच्या आत बोट लावू नकोस. रसायनांसाठीची बाटली मात्र त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. हे नमुने आपल्या माहितीपुरते. कायद्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळच घेईल, आणि त्या दिवशी तू तिथं उभी असशील. थर्मोकोलचा डबा माझ्याकडे आहे. बर्फ स्टँडमागच्या मासळीवाल्याकडून घे, आठच्या आत, नंतर तो देत नाही. आणि त्या कोर्टातल्या चपला घालून येऊ नकोस, विहिरीचा काठ शेवाळलेला असतो.

तुझा,
काका