जुनी ४x४ पिकअप घेताना काय बघावं? किलोमीटर, इंजिन की मॉडेल?

तुम्ही विचारलंय की बजेट सहा-सात लाख आहे, रान घाटमाथ्याला आहे, जुनी ४x४, म्हणजे चारी चाकांना इंजिनचा जोर जाणारी पिकअप घ्यायची आहे, तर किलोमीटर, इंजिन आणि मॉडेल यांतलं आधी काय बघावं. आणि शेवटी, महिंद्राची बोलेरो कॅम्पर की इसुझूची व्ही-क्रॉस?

आधी गाडीखाली झोपा. अंगावर जुने कपडे, हातात छोटी हातोडी आणि टोच्या. बाकी सगळं नंतर. हे मी फार मोठी किंमत देऊन शिकलोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

आमचं रान गगनबावडा तालुक्यात. लाल माती, उतार, जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ फाटलेलं. बांधापर्यंत जाणारी वाट म्हणजे ओढाच. २०१७ च्या दिवाळीनंतर मी एक डबल केबिनची ४x४ पिकअप बघितली, २०११ ची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. एजंट म्हणाला, गाडी देवगडकडची, मालक बागायतदार, सीझनला दीड-दोन महिने आंब्याच्या पेट्या वाहिल्यात, एरवी झाकून उभी. किंमत ३ लाख ४० हजार.

बघायला बरोबर आमचे दाजी. दाजींचं गाड्यांतलं ज्ञान अख्ख्या पाहुण्यांत मान्य आहे, म्हणजे त्यांनीच ते मान्य करून घेतलंय. बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढून धूर बघितला, डिपस्टिक पुसून दोन बोटांत ऑइल चोळलं, रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग नाही हे बघितलं, कान देऊन टॅपेटचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "इंजिन नंबरी हाय. घे डोळं झाकून." मी डोळे झाकूनच घेतली. खाली वाकून ना त्यांनी बघितलं, ना मी. त्यांच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा लेंगा होता. माझ्याकडं तीही सबब नव्हती. अंधार पडत आला होता आणि एजंट सारखा सांगत होता की सांगलीचं गिऱ्हाईक वाटेत आहे. (वाटेत असलेलं गिऱ्हाईक वाटेतच राहू दे. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा.)

पहिला पावसाळा आला. हौद्यात खताची पंधरा पोती, फोर-लो (चारी चाकांना जोर देणारा, हळू पण ताकदीचा गिअर) टाकून वरच्या बांधाकडं चढवत होतो. गाडी अजिबात अडखळली नाही. चारी चाकांनी चिखल धरला होता, क्लच न जाळता मुंगीच्या चालीनं वर चालली होती. वळणावरच्या दगडावर मागचं डावं चाक चढलं आणि ओला बांबू चिरल्यासारखा आवाज आला. उतरून बघतो तर हौदा एका अंगाला बसलेला आणि केबिन सरळ. जनावरानं मागचा एक पाय मुडपून बसावं तशी गाडी. पाट्याचा, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा, पुढचा हँगर ज्या जागी चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बसतो तिथंच चासी फाटली होती. फाटलेली कड हातानं दाबली तर पापुद्रे निघाले, शिळ्या भाकरीचे निघतात तसे. बाहेरून काळा रंग झकास, आत भुसा.

आणि वास. पावसात हौद्यातलं रबराचं मॅटिंग उचललं आणि मासळी बाजारात उभा असल्यासारखं झालं. आंबा कसला! मालवण-देवगडकडची मासळी बर्फात घालून घाट चढून कोल्हापूरला येते, त्या धंद्यातली गाडी ती. खारं पाणी रोज हौद्याच्या फटींतून ठिबकणार, चासीच्या पोकळीत शिरणार, आतच थांबणार. असा गंज आतून बाहेर येतो, म्हणून बाहेरून रंग मारला की पुढची दोन वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. दिवाळीनंतर मॅटिंग कोरडं होतं, हवा थंड होती, आणि एजंटानं केबिनमध्ये चंदनाचा सेंट मारला होता. तेव्हा मला तो माणूस फार स्वच्छ वाटला होता.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडं टोचन करून नेली. त्यानं चासीवर पुढून मागपर्यंत हातोडी मारत नेली. केबिनखाली टण्ण, टण्ण, आणि मागच्या चाकाच्या आसपास एकदम थप्. म्हणाला, "हितनं मागं काय नाही. रंग हाय नुसता." मग कुजलेला भाग कापून आतून-बाहेरून पट्ट्या मारल्या. अशा जोडाला ते फिशप्लेट म्हणतात. मासळीच्या गाडीला फिशप्लेट, यावर त्या दुकानात आठवडाभर हसले असतील. पाटे, यू-बोल्ट, शॅकल, ब्रेकचे सगळे पाइप धरून ७८ हजार गेले.

आता मुद्दा. त्या दिवसापासून आमचे दाजी प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगतात की "ह्यो फोर बाय फोरच्या नादानं बुडाला." मी सहा-सात वर्षं ऐकून घेतलं, आता लिहूनच टाकतो. ४x४ नं मला एक रुपयालाही बुडवलं नाही. मला मिठानं बुडवलं. गाडी ४x२ (नुसत्या मागच्या चाकांना जोर) असती तरी चासी तिथंच फाटली असती, फक्त वरच्या बांधापर्यंत पोचली नसती म्हणून कदाचित खाली रस्त्यावर फाटली असती. आणि "डोळं झाकून घे" कोण म्हणालं होतं?

तर चासी. हौद्याखाली, मागच्या पाट्यांच्या दोन्ही टोकांना, स्टेपनी लटकते तिथं आणि क्रॉस मेंबरच्या जोडावर हातोडी मारा. आवाज बदलला की थांबा. नवा काळा रंग किंवा डांबरासारखा जाड थर फक्त खालीच दिसला तर टोच्यानं खरवडा. मालक कुरकुरला तर नमस्कार करून निघा. वेल्डिंग दिसलं म्हणून गाडी बाद होत नाही, पण पट्टी कुठं आणि का मारली ते विचारायचं. चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून बघा. नंबराच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर विषय संपला.

गाडीनं काय वाहिलं हे किलोमीटरपेक्षा जास्त विचारा. मीटर मागं घेता येतं, पण हौदा खोटं बोलत नाही. फाळक्याच्या बिजागऱ्या, हौद्याचे कोपरे, मॅटिंगच्या खालचा पत्रा बघा. मासळी आणि खत, दोन्ही पत्रा खातात. वाळू-खडीची गाडी असेल तर पाटे उलटे वळलेले असतात आणि ज्यादा पान घातलेलं असतं. आणि पुराची गाडी! २०१९ च्या महापुरात आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. आम्हाला इथं असली गाडी लगेच कळते, लांबच्या गिऱ्हाइकाला कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ असली तर उत्तर मिळालं.

४x४ चालतंय का हे स्टिकरवरून ठरवू नका. खाली बघा, पुढं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारा गोळा) आणि तिकडं जाणारा शाफ्ट आहे का. इसुझूची हाय-लँडर दिसायला व्ही-क्रॉसची जुळी बहीण, पण ती ४x२ आहे. २०२१ पासून बाजारात आहे, आणि मागं स्टिकर लावायला कितीसा खर्च येतो? ट्रायल कच्च्या वाटेवर घ्या. या पिकअप बहुतेक पार्ट-टाइम ४x४, म्हणजे गरजेपुरतं ४x४ टाकायच्या असतात, पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळं कोरड्या डांबरावर ४x४ टाकून वळवलं की सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा डबा) येतो. विकणाराच डांबरावर टाकून दाखवायला लागला तर समजा की आधीची वर्षं त्यानं तसंच चालवलंय. उतारावर फोर-लो आणि पहिला गिअर टाकून ब्रेकवरचा पाय काढा. गाडी इंजिनच्या जोरावर धरून राहिली पाहिजे, गिअर निसटता कामा नये, खालून कटकट येता कामा नये. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल थोडं काढून बघा. ते दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे कुणीतरी नदी ओलांडायची हौस केलीय. चारी टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असं असलं की ४x४ टाकल्यावर पुढचं-मागचं जमत नाही आणि ट्रान्सफर केस मार खाते. मोठे टायर, लिफ्ट किट, दिव्यांची माळ असली गाडी मला फुकट दिली तरी आधी विचार करीन.

कागदांचं तुम्हाला ठाऊक असेलच, दोनच सांगतो. आरसीवर गाडी खासगी आहे की मालवाहू ते बघा. मालवाहू असेल तर ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, आणि मिस्त्रीच्या पट्ट्या तिथं इन्स्पेक्टरला दिसतात. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली म्हणून तिकडच्या गाड्या एनओसीवर इकडं येतात. समुद्र लांब, त्यामुळं चासी बऱ्याचदा चांगली निघते. पण इथला टॅक्स आणि नव्या नंबराचा खर्च धरूनच भाव करा, नाहीतर स्वस्त गाडी महागात पडते.

कॅम्पर की व्ही-क्रॉस? माझ्यासारख्याला कॅम्पर. पार्ट तालुक्याच्या गावाला मिळतो आणि कुठलाही मिस्त्री हात घालतो. व्ही-क्रॉस फार वरची गाडी आहे. २०१६ ला आली तेव्हा २.५ लिटर इंजिन होतं, २०२१ पासून १.९ लिटरचं आहे. लांबपल्ल्याला सुख आहे, पण लांबी जवळजवळ ५.३ मीटर, आमच्या गावच्या बोळात ती वळायची नाही. सहा-सात लाखांत व्ही-क्रॉस मिळत असेल तर आधी का मिळतेय ते विचारा.

हे राहिलंच होतं: मी मिस्त्री नाही. एक गाडी घेतली, चार पाव्हण्यांना घेताना मदत केली, एवढाच अनुभव. आणि तुमचं रान सपाट असेल, वाटेवर मुरूम पडलेला असेल, तर ४x४ चा पैसा वाया आहे, डिझेलही जास्त पितं. तेवढ्यापुरतं दाजींचं खरं आहे. त्यांचं रान करवीरमध्ये, घरापासून बांधापर्यंत डांबर. त्यांना काय कळणार उतार.

गाडी अजून आहे माझ्याकडं. दरवर्षी मेमध्ये चासीच्या पोकळीत जुनं ऑइल फवारतो, पाण्याची भोकं तारेनं मोकळी करतो. २०२१ च्या जुलैत दाजी पिकअपमध्ये भाताचं तरू घेऊन आमच्याकडं आले होते. ४x२ पिकअप, मागची चाकं ॲक्सलपर्यंत रुतली. तरू सुकायला लागलेलं, ट्रॅक्टर पलीकडच्या वाडीत अडकलेला. मी फोर-लो टाकून, दोर बांधून, एका ओढीत त्यांना वर घेतलं. पंगतीत ही गोष्ट निघाली की दाजी म्हणतात, दोर चांगला होता.

दाजी, वाचत असाल तर, तो दोर अजून तुमच्याच गोठ्यात आहे. मृगाच्या आत आणून द्या.