सॅन मारिनोसारख्या दुबळ्या देशांना फुटबॉलच्या पात्रता फेरीत मोठ्या संघांशी खेळवण्यात काय अर्थ आहे? त्यांची वेगळी फेरी का घेत नाहीत?

हाच प्रश्न माझे दाजी दर दिवाळीला विचारतात, म्हणून लिहितोय.

मी इटलीत, बोलोन्यात नोकरी करतो. ऑक्टोबर 2023 मध्ये ताई-दाजी आले होते. दाजींचं फुटबॉल म्हणजे इंग्लिश प्रीमियर लीग, त्यापलीकडे जग नाही. 17 तारखेला सॅन मारिनो विरुद्ध डेन्मार्क मॅच होती, युरो कपची पात्रता. "सहा-सात खातील, कशाला जायचं?" म्हणत होते, पण डेन्मार्ककडून मँचेस्टर युनायटेडचा होयलुंड खेळणार म्हटल्यावर बूट घातले. रिमिनीपर्यंत रेल्वे, तिथून बसने सेरावाले, सॅन मारिनोचं स्टेडियम तिथेच आहे. देश बदलला हे मीच सांगितलं तेव्हा त्यांना कळलं.

हाफटाइमच्या जरा आधी होयलुंडने गोल केला. "झालं, आता मोजत बसा," म्हणून दाजींनी मोबाइल काढला. 61व्या मिनिटाला गोलिनुचीने बरोबरी केली! आमच्या शेजारी निळा मफलर गुंडाळलेले एक आजोबा होते. ते आधी गप्प उभे राहिले, मग दाजींच्याच पाठीत असा दणका घातला की मोबाइल खुर्चीखाली. दाजींचं पहिलं वाक्य काय? "ऑफसाइड असणार." नव्हता. नऊ मिनिटांनी पोल्सनने गोल करून डेन्मार्कला 2-1 जिंकून दिलं, आणि दाजी खूश. "बघ, हरलेच ना!"

अहो, हरणारच. जेमतेम 34 हजार लोकवस्तीचा देश, चारी बाजूंनी इटली. बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी सराव करतात. पण त्या सामन्यानंतर कझाकस्तान आणि फिनलंडविरुद्धही त्यांनी गोल केले. सलग तीन सामन्यांत गोल त्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच झाले.

आणि इंग्लंडवाल्यांनी तर बोलूच नये. 17 नोव्हेंबर 1993, इथेच बोलोन्यात, इंग्लंडचा सॅन मारिनोविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा शेवटचा सामना. इंग्लंडला सात गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं, शिवाय पोलंडने हॉलंडला हरवायला हवं होतं. इंग्लंडच्या स्टुअर्ट पिअर्सचा मागे दिलेला पास तोकडा पडला आणि सॅन मारिनोच्या दाविदे ग्वाल्तिएरीने 8.3 सेकंदात गोल ठोकला. इंग्लंड 7-1 ने जिंकलं, तिकडे हॉलंडही जिंकलं, इंग्लंड घरी. हा विषय काढला की दाजींना फराळ आठवतो.

तुमच्या प्रश्नाबद्दल: वेगळ्या फेरीची सोय नेशन्स लीग या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेने अर्धीअधिक केलीच आहे. तिथे सॅन मारिनो आपल्या वकुबाच्या संघांशी खेळतं. एप्रिल 2004 मध्ये लिश्टेनस्टाइनला मैत्रीपूर्ण सामन्यात 1-0 हरवलं होतं, त्यानंतर तब्बल वीस वर्षं विजय नाही. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा तेच लिश्टेनस्टाइन, पुन्हा 1-0, गोल एकोणीस वर्षांच्या निको सेन्सोलीचा. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच राजधानीत, वाडुझला जाऊन 3-1 ने हरवलं आणि गटात पहिले येऊन वरच्या लीगमध्ये गेले. आशियात मात्र तळाच्या संघांची प्राथमिक फेरी असते. तिथे दोन सामन्यांत गाशा गुंडाळला की मोठा संघ आपल्या मैदानावर कधी यायचा?

आता दाजींच्या बाजूनेही थोडं. ऑक्टोबर 2025 मध्ये ऑस्ट्रियाने 10-0 ने धुतलं, 2006 मध्ये जर्मनीने सेरावालेत येऊन 13-0. असले सामने बघवत नाहीत, खरं आहे. सामन्यांची संख्या कमी करा म्हणत असाल तर ऐकून घेईन. पण हाकलून द्या म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

त्यातून दाजी कोल्हापूरचे. पेठेचा संघ शाहू स्टेडियमवर आपटला तरी पुढच्या मॅचला हा माणूस दुकान भावाच्या गळ्यात टाकून हजर! तिथे "काय अर्थ आहे" विचारायची छाती नाही, कारण पेठेत परत जायचं असतं. सेरावालेतल्या लोकांनाही सामना संपल्यावर आपल्याच गावात परत जायचं असतं, दाजी. पुढच्या खेपेला एकटी ताईच आली तरी चालेल.