‘काही येणं बाकी नाही’ असं लिहून देऊ नका

धनकवडीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी 24 वर्षांची. पुण्याहून कोल्हापूर, नांदेड, जळगावला विमानं सोडणार म्हणणाऱ्या एका नव्या कंपनीत ती गेल्या ऑगस्टमध्ये केबिन क्रू म्हणून लागली, पगार 32,000. ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून दीड लाख भरले; त्यासाठी आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या. तीन वर्षांचा बाँड, मोडला तर तीन लाख. सही केलेले दोन कोरे चेक आणि मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे. विमान एकही उडालं नाही आणि जानेवारीपासून पाच महिने पगार नाही. आता एका हॉटेलात नोकरी मिळते आहे, तिथे मूळ कागद दाखवायचे आहेत. कंपनी म्हणते, ‘वैयक्तिक कारणासाठी राजीनामा देत आहे, कंपनीकडून काही येणं बाकी नाही’ या छापील कागदावर सही करा, प्रमाणपत्रं न्या, बाँडही सोडला. मुलगी तयार नाही. वडील विचारतात, सही करून मोकळं व्हावं का?

काका, सही करू नका. तुमच्या मुलीचं बरोबर आहे.

हिशेब बघा. थकलेला पगार 1,60,000, अनामत 1,50,000. एका सहीनं 3,10,000 रुपये सोडायचे, आणि बदल्यात कंपनी काय सोडते? कोर्टात टिकणं अवघड असलेला बाँड आणि तिचेच कागद.

बाँडच्या भीतीनंच माणसं असल्या कागदांवर सह्या करतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. करारात दोन्ही बाजूंनी काही कबूल केलेलं असतं. मुलीनं काम करायचं, कंपनीनं पगार द्यायचा. ज्यानं आपला शब्द आधी मोडला, त्याला समोरच्याकडून करार पाळून घेता येत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 54 याच तत्त्वावर उभं आहे. शिवाय कलम 74 प्रमाणे बाँडमधला आकडा ही कमाल मर्यादा असते. तीन लाख लिहिले म्हणून तीन लाख मिळत नाहीत, नुकसान काय झालं ते दिसावं लागतं. ज्या विमानात तिनं काम करायचं ते आलंच नाही, तर ती गेल्यानं कुठली फेरी अडली? कंपनीचा वकील मे 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करील. त्यात एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरला होता. पण तो कर्मचारी स्वतःहून दुसऱ्या बँकेत गेला होता. पगार थकला म्हणून त्याला जावं लागलं नव्हतं. फरक इथेच आहे.

म्हणूनच राजीनाम्यातले शब्द फार महत्त्वाचे. ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं की करार तिनं मोडला असं कागदावर येतं. तिनं स्वतःच्या ईमेलवरून लिहावं: जानेवारी ते मे पगार मिळालेला नाही, या तारखांना मागितला, आपण करार मोडला आहे म्हणून मी राजीनामा देत आहे, पगार, अनामत, दोन्ही चेक आणि मूळ प्रमाणपत्रं परत करावीत. हेच पत्र स्पीड पोस्टानं नोंदणीकृत कार्यालयाला पाठवा. नव्या नोकरीवर रुजू होण्याआधी हे गेलेलं हवं.

प्रमाणपत्रं अडवण्याचा हक्क कंपनीला नाही. वकिलांनाही फीसाठी पक्षकाराची कागदपत्रं अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 सालीच ठरवलं आहे. कुणीतरी तुम्हाला ‘हरवल्याची तक्रार द्या, डुप्लिकेट काढा’ सांगेल. तसं मुळीच करू नका. कागद हरवलेले नाहीत, आणि पोलिसांना खोटं लिहून दिलं तर आज स्वच्छ असलेली बाजू डागाळेल. डिजिलॉकरवर गुणपत्रिका, पदवी मिळते का ते पाहा. तिथून जारी झालेला कागद कायद्यानं मुळाच्या बरोबरीचा आहे. हॉटेलच्या एचआरला खरी गोष्ट सांगून मुदत मागा.

कोऱ्या चेकांबद्दल मला जास्त काळजी वाटते. बँकेला ‘स्टॉप पेमेंट’चं पत्र आजच द्या, पण तेवढ्यानं चेक बाउन्सची केस टळत नाही. हे चेक फक्त तारण म्हणून दिले होते, कसलंही देणं नाही, हे कंपनीला लेखी कळवा. खातं बंद करू नका. तरीही चेक परत गेल्याची नोटीस आलीच तर 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

पगारासाठी रस्ता आता सोपा झाला आहे. जुन्या वेतन कायद्याला महिना 24,000 ची मर्यादा होती, त्याहून जास्त पगार असला तर तो लागू होत नसे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती नाही. राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा पगार द्यावा लागतो; दाव्याला मुदत तीन वर्षांची. हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जा. ‘आम्ही उडालोच नाही, मग हवाई सेवा कसली’ असा आक्षेप येऊ शकतो; आला तर राज्याच्या कामगार खात्याकडे जाता येईल. अनामतीसाठी वेगळी नोटीस आणि गरज पडली तर दिवाणी दावा. डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, यासाठी खेटे घालू नका, पगाराचे वाद तिथे सुटत नाहीत.

पोलिसांत जावं का? धंदा बसला म्हणून कुणी फसवणारा ठरत नाही. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, एवढंच सांगते की विमानसेवेची तयारी करायला हरकत नाही. प्रवासी घेऊन उडायला डीजीसीएचं एओसी (विमानसेवा चालवण्याचा परवाना) लागतं, आणि त्यासाठी विमान, माणसं, चाचणी उड्डाणं सगळं दाखवावं लागतं. तिथे प्रामाणिक माणसंही अडकतात. पण दीड लाख घेताना ‘एओसी मिळालंय’ असं खोटं सांगितलं असेल, तर सुरुवातीपासूनचा हेतू दिसतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार होते. तेव्हाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, जाहिरात, ऑफर लेटर काढून ठेवा.

आणखी एक. स्थापनेपासून वर्षभरात धंदा सुरू न केलेल्या कंपनीचं नाव कंपनी निबंधक (रजिस्ट्रार) नोंदवहीतून काढून टाकू शकतात. नोंदणी पुण्यातली असेल तर हे कार्यालय आकुर्डीत आहे. कंपनीची स्थिती ऑनलाइन पाहत राहा आणि तशी सूचना निघाली तर येणं असल्याची हरकत नोंदवा. नाव गेलं तरी संचालकांची जबाबदारी संपत नाही.

तिच्या बॅचमधल्या काहींनी त्या कागदावर सही केलीही असेल. त्यांना सांगा, सगळं संपलेलं नाही. कुणाची वस्तू बेकायदा अडवून सही घेणं म्हणजे करार कायद्याच्या कलम 15 नुसार जबरदस्ती, आणि अशी सही रद्द ठरवून मागता येते. मात्र सहीच्या बदल्यात प्रमाणपत्रं दिली, हे त्यांनी आजच कंपनीला ईमेलनं लिहून ठेवावं. सहा महिन्यांनी आठवलं म्हणून सांगितलं, तर कोर्ट पहिला प्रश्न विचारील, इतके दिवस गप्प का होता?