घड्याळाचा प्रश्न, विम्याचं उत्तर

एका वाचकाचं पत्र आलंय. वय 34, घरात कमावणारे ते एकटेच, दोन लहान मुलं. रोज वापरायला ऑटोमॅटिक फील्ड वॉच घ्यायचंय आणि गाडी दोन घड्याळांपाशी अडलीय. एक त्यांच्या महिन्याच्या अर्ध्या पगारात येतं, दुसऱ्याला दोन पगार लागतात. कल महागड्याकडे आहे, कारण विक्रेता म्हणाला, ‘ही गुंतवणूक आहे, दहा वर्षांत दुप्पट होईल.’ शिवाय बारा बिनव्याजी हप्त्यांची सोय. पत्राच्या शेवटी एक ओळ: ‘बचतीची काळजी नाही. तीन वर्षांपूर्वी घेतलेली पॉलिसी वीस वर्षांत पैसे दुप्पट करणार आहे, आणि तिच्यात वर्षभराच्या पगाराएवढा विमाही आहे.’ सोबत पॉलिसीचा तक्ता आणि महिन्याचा हिशेब जोडलाय.

घड्याळाचं आधी उरकतो. अर्ध्या पगाराचं घ्या. फील्ड वॉच हे मुळात सैनिकांचं घड्याळ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने ए-11 या मानकाची घड्याळं बनवून घेतली: काळी तबकडी, पांढरे ठळक आकडे, आणि सगळ्यांची वेळ एकदम जुळवता यावी म्हणून सेकंदकाटा थांबवायची सोय. ती चावीची होती; आजच्या ऑटोमॅटिकला मनगटाच्या हालचालीनेच चावी बसते, एवढाच फरक. ही वस्तू धक्के खायला बनलीय, कपाटात जपायला नाही. रोजच्या वापराला 36 ते 39 मिलिमीटरची केस (म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी), सहज ओरखडा न पडणारी सफायर काच, 100 मीटरपर्यंतची पाणीरोधकता आणि कुठलाही चांगला कारागीर उघडू शकेल असं सरळ मशीन असलं की झालं. तुमच्या दोनांपैकी स्वस्त घड्याळात हे सगळं आहे. दिवसाला दहा-वीस सेकंद मागेपुढे होईल, ते अशा मशीनमध्ये चालायचंच. चौपट किमतीत फिनिशिंग उजवं मिळेल, नाव मोठं मिळेल; वेळ चौपट बरोबर दाखवली जाणार नाही.

आणि ते ‘दुप्पट’ डोक्यातून काढून टाका. नेहमीच्या उत्पादनातलं घड्याळ दुकानाबाहेर पडलं की बहुतेक वेळा कमी किमतीलाच जातं. वर दर पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंग, आणि रोज घातल्यावर पडणारे ओरखडे वेगळेच. घड्याळ हा खर्च आहे. आवडीचा खर्च करायला माझी काहीच हरकत नाही, पण त्याला गुंतवणूक म्हणून गळ्यात मारणाऱ्याचा मला राग येतो.

आता तुमच्याच हिशेबाकडे येऊ. पगार 100 धरला तर गृहकर्जाचा हप्ता 35, घरखर्च 50, पॉलिसीला 10. उरतात 5. महागड्या घड्याळाचा हप्ता सुमारे 17 बसेल. मग दरमहा 12 कुठून आणणार? क्रेडिट कार्डावरूनच येणार, आणि तिथे थकलेली बाकी बिनव्याजी राहत नाही.

पण खरा घोळ त्या 10 मध्ये आहे. तुम्ही उद्या नसलात तर पॉलिसीतून घरी येतील बारा पगार. गृहकर्ज उरलंय चाळीस पगारांचं. म्हणजे सगळी रक्कम बँकेला दिली तरी अठ्ठावीस पगारांचं कर्ज शिल्लक, आणि मुलांसाठी हातात शून्य. कर्ज फेडायचं आणि पंधरा वर्षं घर चालवायचं तर ढोबळमानाने कर्जाचे 40 अधिक घरखर्चाचे 90 (दरमहा अर्धा पगार, 180 महिने), म्हणजे 130 पगारांचं संरक्षण लागतं. तुमच्याकडे त्याचा दहावा हिस्साही नाही. पत्रात तुम्ही याबद्दल एक शब्दही विचारलेला नाही, कारण विमा आहे असं तुम्ही धरून चाललायत. ज्याने ही पॉलिसी विकली त्याने तुमचं कर्ज किती, हे तरी विचारलं होतं का?

बरं, बचत म्हणून तरी? सगळे हप्ते पहिल्या दिवशी भरलेले नसतात. सरासरी पैसा दहा-साडेदहा वर्षंच आत राहतो. त्यामुळे वीस वर्षांतलं ‘दुप्पट’ म्हणजे वर्षाला सहा-सव्वासहा टक्के. तेही मिळालं तर. तुम्हीच पाठवलेल्या तक्त्यात दुप्पट रकमेचा रकाना बघा, वर बारीक अक्षरात ‘हमी नसलेले लाभ’ असं छापलंय. हमीचा रकाना त्याच्या डावीकडे आहे आणि त्यातला आकडा बराच लहान आहे.

आधी शुद्ध मुदत विमा घ्या, म्हणजे बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा; कर्ज आणि मुलांची शिक्षणं संपेपर्यंतचा. तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल, तर 100 मधले दोन-अडीच त्याला पुरावेत. अर्जात आजार, सवयी, जुनी पॉलिसी सगळं खरं लिहा. लपवलं तर दाव्याच्या वेळी घरच्यांना भोगावं लागतं. नवीन पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका.

नवी हातात पडली की जुन्या कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज बंद केली तर किती मिळेल, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली (म्हणजे न मोडता कमी रकमेवर चालू ठेवली) तर शेवटी किती मिळेल. तीन वर्षांचे हप्ते गेले म्हणून हळहळ वाटेल, ते समजू शकतो. पण ते वसूल करायला आणखी सतरा वर्षं पैसे ओतण्यात अर्थ नाही. माझा कल बंद करण्याकडे आहे. जे हातात येईल ते आणीबाणीसाठी बाजूला टाका, आज तुमच्याकडे तशी काहीच गंगाजळी नाही.

मग दरमहा उरतील साधारण साडेबारा. त्यातले आठ त्याच गंगाजळीत, निदान तीन महिन्यांचा खर्च आणि कर्जाचे हप्ते जमेपर्यंत. उरलेले चार-साडेचार घड्याळासाठी. वर्षभरात अर्धा पगार जमतो. रोख द्या, आणि रोखीवर किती सूट देता ते विचारायला विसरू नका.