प्रकाशकांकडून परीक्षणासाठी पुस्तकं कशी मागायची, आणि आली की पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की ब्लॉग सुरू करून वर्ष झालं, एका पोस्टला दोन-अडीचशे लोक येतात, तीन प्रकाशकांना मेल केले पण एकाचंही उत्तर नाही, आणि समजा पुस्तक आलंच तर चांगलंच लिहावं लागतं का. मी सांगलीत राहते, नोकरी वेगळीच आहे, पण नऊ वर्षं मराठी पुस्तकांवर लिहितेय. पहिली तीन वर्षं विकत घेऊन नाहीतर वाचनालयातून आणून लिहिलं, आता वर्षाला दहा-बारा पुस्तकं प्रकाशकांकडून येतात.

आधी मेलचं बघू. "तुमची नवीन पुस्तकं पाठवा, मी रिव्ह्यू करेन" असा मेल असेल तर उत्तर येणं कठीणच, कारण आपल्याकडे बरीचशी प्रकाशनं म्हणजे चार-पाच माणसं, जो माणूस छापखान्याच्या मागे लागलाय तोच दुकानदारांकडची उधारी वसूल करतोय आणि तोच रात्री तुमचा मेल उघडतोय. हजाराची आवृत्ती म्हणजे आता चांगली मोठी समजतात, पाचशे किंवा त्याहून कमी प्रतीही काढतात, त्यातून वर्तमानपत्रं, मासिकं, पुरस्कार, लेखकाची माणसं असं सगळ्यांना द्यायचं असतं. तुम्हाला येणारी प्रत त्यातूनच निघते. मग ती तुम्हालाच का द्यायची, हे मेलमध्ये दिसायला हवं ना.

म्हणून एकच पुस्तक मागा, नाव घेऊन. मला पहिलं पुस्तक मिळालं ते ऊसतोड कामगारांवरचं होतं. मी पाच ओळी लिहिल्या होत्या, की आमच्या भागात दरवर्षी टोळ्या येतात, मी दोन हंगाम साखरशाळेत, म्हणजे त्यांच्या मुलांच्या शाळेत, शिकवायला जायचे, या विषयावर आधी दोन पुस्तकांवर लिहिलंय त्याच्या लिंक या, आणि पुस्तक मिळाल्यापासून सहा आठवड्यांत लिहीन. तेव्हा माझा ब्लॉग शंभर लोकही वाचत नव्हते आणि तो आकडा मी खरा तोच लिहिला होता. चौथ्या दिवशी पार्सल. त्यांना त्या पुस्तकाचा वाचक हवा होता, तो सापडला, एवढंच झालं त्यात. तेव्हा दोनशे वाचक कमी आहेत म्हणून संकोच करू नका आणि आकडा फुगवून तर मुळीच सांगू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोच. जुनी मासिकं चाळलीत तर मागच्या पानांवर 'साभार पोच' असं सदर दिसेल, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. परीक्षण कधी यायचं तेव्हा येवो, पुस्तक पोचलं हे तरी छापून यायचं, काही ठिकाणी अजूनही येतं. आपण ब्लॉगवाले नेमकं हेच विसरलोय. मी एकदा विसरले त्याचं सांगते. जूनमध्ये पुस्तक आलं, त्याच आठवड्यात आईचं ऑपरेशन झालं, मग ते राहिलं ते राहिलंच, मी कळवलंही नाही. जानेवारीत प्रकाशनातल्या एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला, "ताई, पार्सल पोचलं होतं का हो? पोस्टात गहाळ झालं असेल तर दुसरं पाठवतो." पुस्तक माझ्यासमोर टेबलावर होतं, पहिल्या पानावर जांभळ्या शाईतला 'अभिप्रायार्थ' शिक्का, थोडा पुसटलेला, आत त्यांच्याच हाताने लिहिलेली चिठ्ठी. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं मला. त्या रात्री वही केली, पुस्तक आलं ती तारीख, कबूल केलेली तारीख, लिंक पाठवली ती तारीख. पार्सल आलं त्याच दिवशी फोटो आणि दोन ओळी पाठवते, उशीर होणार असेल तर आधी सांगते, आणि लिहून झालं की लिंक पाठवतेच, परीक्षण कडक असलं तरी.

चांगलंच लिहावं लागतं का, तर नाही. पुस्तक मिळतं ते वाचून प्रामाणिक मत द्यायला, आणि हे पहिल्याच मेलमध्ये एका वाक्यात लिहून टाका म्हणजे पुढे गैरसमज होत नाहीत. एका प्रकाशनाने मला पोस्ट टाकायच्या आधी मजकूर दाखवा म्हणून सांगितलं होतं, मी लिहिलं की तथ्याची चूक असेल तर टाकल्यावर लगेच दुरुस्त करेन पण आधी दाखवणार नाही, आणि चालणार नसेल तर पुस्तक परत पाठवते. परत पाठवलं. दुसरीकडे एका अनुवादावर मी बरंच नाराजीनं लिहिलं, पण मुद्रितशोधनाच्या चुका ब्लॉगवर न काढता पान नंबर टाकून वेगळ्या मेलमध्ये दिल्या, पान ४० वरची सुलभा पान ११२ वर सुशीला झाली होती, असल्या अकरा चुका. पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त झाल्या आणि तिथून अजूनही पुस्तकं येतात. कडक लिहिल्यामुळे संबंध तुटला असं माझ्या अनुभवात फार कमी वेळा झालंय, कळवलं नाही की मात्र तुटतो.

पुस्तक फुकट आलंय हे वाचकाला सांगायचंच, पोस्टच्या सुरुवातीला, मराठीतच, "हे पुस्तक प्रकाशकांनी परीक्षणासाठी पाठवलं आहे". जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की संस्थेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, दोन्हींत फुकट मिळालेली वस्तूही जाहीर करायच्या यादीत आहे. ॲमेझॉनवरही फुकट प्रतीवर रिव्ह्यू टाकता येतो, फक्त त्या बदल्यात रिव्ह्यू टाकायचीच किंवा चांगलंच लिहायची अट नको. आणि पैसे घेतलेत तर ती जाहिरात, तिला परीक्षण म्हणू नका. मी पैसे घेत नाही.

पीडीएफ मागू नका असं माझं मत आहे. मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या फायली टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यामुळे प्रकाशक आधीच धास्तावलेले असतात. त्यांनी आपणहून पाठवली तर ती तुमच्या फोनपलीकडे जाऊ देऊ नका, जवळच्या मैत्रिणीलाही नाही. परीक्षणात उतारे द्यायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे, पण कवितासंग्रहातली अख्खी कविता टाकायची असेल तर विचारून घ्या. आणि शिक्का असलेली प्रत विकू नका हो. मी माझ्या आजोळच्या गावातल्या वाचनालयाला देते आणि तसं प्रकाशकांना कळवते, त्यांना बरं वाटतं.

पाठवणीचा खर्चही लक्षात घ्या. स्वस्तातली रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, मग मे २०२५ पासून पुस्तकांसाठी पोस्टाची ज्ञान पोस्ट आली, तेव्हाचा दर ३०० ग्रॅमला २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. कुरिअरचा खर्च त्याहून बराच जास्त येतो. म्हणून मेलमध्येच पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन नंबर द्या आणि पोस्टानं आलं तरी चालेल असं लिहा. मी पुण्याला जाणार असेन तर दुकानातून घेऊन जाते म्हणून सांगते.

वेळ पण बघा. दिवाळीच्या आधी आणि साहित्य संमेलनाच्या तोंडावर उत्तर येत नाही, तेव्हा तुमचे तीन मेल असेच बुडाले असतील, महिन्याने एकदा आठवण करा. त्यापेक्षा डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव असतो, २०२३ पासून भरतोय, तिथे जाऊन भेटा. शनिवार-रविवार संध्याकाळी नको, तेव्हा त्यांना बिलं करायलाच हात पुरत नाहीत, आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी जा, एखादं पुस्तक विकत घ्या आणि मग त्या एका पुस्तकाबद्दल बोला ज्याच्यावर तुम्हाला लिहायचंय.