फ्लॉरेन्स फिरता फिरता इटालियन

प्रश्न : सप्टेंबरात मी आणि मिस्टर फ्लॉरेन्सला जातोय, टूर कंपनीबरोबर नाही, आपलं आपलंच. मोबाईलवर इटालियन शिकायला घेतलंय पण गाडी "मुलगा सफरचंद खातो" याच्या पुढे सरकेना. फिरताना उपयोगी पडेल असं काय शिकू? आणि आम्ही शाकाहारी आहोत, तेही सांगा. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, ते सफरचंद राहू द्या. प्रश्न विचारायची वाक्यं पाठ केली तरी समोरचा जे फाडफाड उत्तर देतो ते कुठे कळतं, म्हणून माझं मत असं की आधी भिंतीवरचे आणि दारांवरचे शब्द शिका, ते निवांत वाचता येतात. इन्ग्रेस्सो म्हणजे आत जायचं दार, उशीता बाहेरचं, क्यूझो म्हणजे बंद. आणि लुनेदी, म्हणजे सोमवार, हा तर पाठच करा, कारण उफ्फीत्सी हे चित्रांचं म्युझियम, आणि मायकेलँजेलोच्या दाविदचा मूळ पुतळा जिथे आहे ती आकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. उफ्फीत्सी म्हणजे खरं तर ऑफिसं, १५६० मध्ये वासारी या वास्तुकाराने तिथल्या मेदिची राजघराण्याच्या कचेऱ्यांसाठी ही इमारत बांधायला घेतली, चित्रांचं म्युझियम नंतर झालं.

दुओमोत म्हणजे कॅथेड्रलमध्ये जायला पैसे नाहीत, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वरच्या कूपोलाचं, म्हणजे घुमटाचं, बुकिंग मात्र आधीच करा आणि तिथे आशेन्सोरे (लिफ्ट) शोधू नका, ४६३ पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा, घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीचं काम खालूनही भारीच दिसतं.

पत्ता शोधताना तिथे सगळेच गोंधळतात. एकाच रस्त्यावर घरांचे नंबर वेगळे आणि दुकानं-रेस्टॉरंटांचे वेगळे, दुकानांचे लाल म्हणजे रोस्सो, म्हणून पत्त्यात आकड्यापुढे 'आर' असतो. लाल २४ आणि साधा २४ चांगलेच लांब असू शकतात! सांता क्रोचे चर्चच्या बाजूला भिंतींवर डोक्याच्याही वर पाट्या दिसतील, ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी इथवर आलं होतं असं सांगणाऱ्या, त्यात आक्वा (पाणी) आणि आल्तेत्सा (उंची) एवढे दोन शब्द ओळखले तरी पाटी कळते.

उच्चाराचं टेन्शन घेऊ नका, त्यांचे त आणि द आपल्यासारखेच आहेत, इंग्रजी ट-ड लावायचे नाहीत. जोडाक्षरावर मात्र नीट जोर द्या, आन्नो म्हणजे वर्ष, आणि त्यातला एक न खाल्लात तर जे होतं ते मासिकात छापता येणार नाही.

आणि तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणजे काशीने पार्कला गेलंच पाहिजे. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्येच वारले, जेमतेम विशीत, आणि आर्नोला मुन्योने नदी मिळते तिथे त्यांचा अंत्यविधी झाला. तिथे छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे, जवळच्या मोठ्या पुलाचं नावसुद्धा पोंते आल्लिन्दियानो, इन्दियानो म्हणजे भारतीय. जागा पार्कच्या पार पश्चिम टोकाला आहे, ट्रामने काशीने स्टॉपला उतरलात तरी पुढे बरंच चालायचंय, उन्हाच्या आधी जा.

खाण्यासाठी एकच शब्द, सेन्त्सा, म्हणजे शिवाय. सेन्त्सा कार्ने (मांस नको), सेन्त्सा उओवा (अंडी नको), काहीही जोडा. रिबोल्लीता हे शिळा पाव, बीन्स आणि पालेभाजीचं दाट सूप घ्याच, पण ब्रोदो, म्हणजे ज्या पाण्यात ते शिजवलंय ते, मांसाचं तर नाही ना हे विचारून. गाड्यावर लाम्प्रेदोत्तो लिहिलेलं दिसलं की पुढे चला, ते गाईचं पोट असतं. तिथल्या पावात मीठ नसतं, चटणीची पुडी न्या. बिलात कोपेर्तो दिसला तर भांडू नका, तो बसायचा चार्ज, माणशी लावतात. कॉफी मात्र काउंटरवर उभ्यानेच प्या, टेबलावर बसलात की बहुतेक ठिकाणी जास्त पैसे.